अकरा पहिली पानं असलेलं पुस्तक

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. त्या वर्षी मी एक पुस्तक इतकं देखणं बांधलं, की ते कुणालाच वाचता येईना.

माझं बाइंडिंगचं दुकान शुक्रवार पेठेत. पुढं दुकान, मागं घर. व्यापाऱ्यांच्या चोपड्या, शाळांची रजिस्टरं, देवळातल्या वह्या, सगळं माझ्याकडं यायचं. मी बांधलेली चोपडी माडीवरून खाली टाका, पान सुटणार नाही. (एकदा गिऱ्हाइकासमोर टाकून दाखवली होती. पान सुटलं नाही. खालून दूधवाला चालला होता, त्याचं काय झालं तो विषय वेगळा.)

शिक्षण म्हणाल तर तिसरी. चौथीत गेलो नाही, कारण मास्तरांनी पाठवलं नाही आणि मी त्यांना विनंती केली नाही. इंग्रजी अक्षर मला कळत नाही, पण इंग्रजी आकडे चोख. बाइंडरला तेवढे बस. कुठलं पान कशाच्या मागं, एवढं कळलं की झालं. आत काय लिहिलंय ते बघायचं काम ज्यानं पुस्तक विकत घेतलं त्याचं. हलवाई काय प्रत्येक लाडू खाऊन बघतो?

तर माझा मुलगा मल्लिनाथ. मॅट्रिक झाला आणि एका गिरणीच्या हापिसात लागला. तिथं एक विलायती हिशेबाचं यंत्र होतं. लोक त्याला काँप्युटर म्हणायचे. मल्लिनाथ म्हणायचा की खरा काँप्युटर हा नव्हे, हा त्याचा आजा. खोलीभर मोठं धूड. भोकं पाडलेले जाड कागदाचे पत्ते त्याच्या तोंडात घालायचे, ते खडखड करत गिळायचं आणि कामगारांच्या हजेरीची यादी छापून बाहेर टाकायचं. पोराला त्याचं केवढं अप्रूप! मी म्हटलं, ह्यात नवीन ते काय? आपल्या चादरीच्या मागावर भोकांचे पत्ते कधीपासून फिरतायत, त्यातनं मोर निघतो. तुझ्या पत्त्यातनं नुसती नावं निघतात. तो गप्प बसला. माझ्यापुढं गप्प बसायची विद्या तो आईकडून शिकला होता.

एके दिवशी त्या यंत्राचं तोंड अडकलं. पत्ता आत जाईना. मल्लिनाथनं कुणाला न विचारता पत्ते गिळायची पेटी खोलली. आतून साठ-सत्तर सुटे भाग निघाले, ते त्यानं चहाच्या ट्रेमध्ये मांडले, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की परत कसे बसवायचे ते आपल्याला ठाऊक नाही. (स्वभाव माझ्यावर गेलाय असं त्याची आई म्हणते. मला तसं वाटत नाही. मी असतो तर भाग ट्रेमध्ये मांडले नसते.)

यंत्राबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक बघायला गेला, तर ते गिरणीच्या दप्तरखान्यात वाळवीनं खाल्लेलं. वर पुठ्ठा होता, आत माती. मग पोरानं पत्रांचा सपाटा लावला. कंपनीच्या मुंबईच्या हापिसानं उत्तर दिलं, की हे यंत्र बनवायचं आम्ही केव्हाच सोडलं, पुस्तकही छापत नाही, आपण नवीन यंत्र घ्यावं. दुसऱ्या गावांच्या गिरण्यांना लिहिलं. कुणी म्हणे यंत्र भंगारात गेलं, कुणी म्हणे यंत्र आहे पण पुस्तक रद्दीत गेलं. असे दोन महिने गेले. शेवटी हापिसच्या मोठ्या साहेबानं सांगितलं की पुढच्या गुरुवारपर्यंत यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर ते भंगारवाल्याला देऊ, आणि मल्लिनाथ, तू सुताच्या गोदामात जा. तिथं गासड्या उचलायला माणूस कमी आहे.

पोराचं जेवण कमी झालं. त्याची आई शांतव्वा मला म्हणायची, पोराशी दोन शब्द गोड बोला की. मी गोड बोललो. म्हटलं, गोदामात अंग चांगलं कमावलं जातं.

आणि नेमका त्याच आठवड्यात एका एसटी कंडक्टरकडून पत्ता लागला, की टेंभुर्णीला इनामदार म्हणून एक म्हातारे मिस्त्री राहतात. मुंबईत जन्मभर असलीच यंत्रं दुरुस्त केली. हापिसं यंत्रांची जुनी पुस्तकं रद्दीत टाकायची, तेव्हा ती हे उचलून घरी आणायचे. आता निवृत्त होऊन भावाच्या हॉटेलामागच्या खोलीत राहतात, आणि कपड्यांना जागा नाही पण पुस्तकांना ट्रंक आहे. मल्लिनाथ शुक्रवारी गेला आणि संध्याकाळी पुस्तक घेऊनच आला. इनामदारांनी आठ दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. सांगितलं होतं म्हणे, की ह्याची दुसरी प्रत मला हिंदुस्थानात कुठं दिसलेली नाही, जसं नेतोस तसं आण.

पुस्तक बघितलं आणि माझी मान खाली गेली. सुटी पानं! डाव्या बाजूला भोकं पाडून लोखंडी कड्यात अडकवलेली. कड्या गंजलेल्या, दोन तुटलेल्या. कडा पिवळ्या, दुमडलेल्या, कुठं कसर लागून बारीक भोकं पडलेली. छापलेलं एकाच बाजूला, मागची कोरी. (कागदाची नासाडी करावी तर विलायतेनं.) बाइंडरच्या घरात असलं पुस्तक म्हणजे सोनाराच्या बायकोनं पितळेची नथ घालावी तसं.

मल्लिनाथनं माझं तोंड बघितलं असावं. म्हणाला, "अप्पा, ह्याला हात लावू नका."

तेवढंच तो चुकला. नुसतं टेबलावर ठेवून गेला असता तर मी फिरकलोही नसतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. वळसंगला शांतव्वाच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. गिरणीला रविवारची सुट्टी, यंत्राच्या खोलीला कुलूप, म्हणून मल्लिनाथ आईला घेऊन गेला. सोमवारी सकाळी ताज्या डोक्यानं कामाला लागतो म्हणाला. मी दुकानाचं निमित्त सांगून मागं राहिलो. एसटी कोपऱ्यावरून वळली असेल नसेल, मी कड्या काढल्या.

माझ्या मनात पाप नव्हतं. पोरगा परत येईल, पुस्तक बघेल, इनामदारांना नेऊन देईल, आणि ते म्हणतील हे कुणी केलं. एवढंच माझं स्वप्न.

पानं टेबलावर ठोकून सरळ केली आणि आकडे बघायला लागलो. पहिलं पान, दुसरं, तिसरं, असं अठरापर्यंत नीट गेलं. मग परत पहिलं. मग दुसरं. मी थांबलो. सगळा गठ्ठा चाळला, तर काय! पहिली पानंच अकरा निघाली. दुसरीही अकरा. मी तीस वर्षं पुस्तकं बांधत होतो, एका पुस्तकाला अकरा पहिली पानं कधी बघितली नव्हती. एखाद्यानं हात टेकले असते. मी टेकले नाहीत. इनामदारांच्या हातून कधीतरी गठ्ठा पडला असणार आणि त्यांनी तो कसाही गोळा केला असणार, हे मी ओळखलं आणि दुरुस्ती केली. सगळी पहिली पानं एकत्र. त्यांच्यामागं सगळी दुसरी. मग तिसरी. पत्ते लावावेत तसं. शेवटी शेवटी पानं कमी पडत गेली, चाळिसावं तर एकटंच उरलं, पण शेवट हा एकच असतो म्हणून मला उलट खात्री पटली.

मग कसरीच्या भोकांवर पातळ कागदाची ठिगळं लावली. मग दोरा घेऊन अशी शिवण घातली की इनामदारांच्या नातवंडांनाही ती उसवता येऊ नये. शिकंज्यात आवळलं. आणि मग, कडा मळक्या होत्या म्हणून, कटिंग मशीनवर तिन्ही बाजूंनी अर्धं बोट कागद उडवला. काय कड आली म्हणून सांगू! खरबुजाची फोड. वर लाल कापड, पाठीला चामडं. आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात वर 'श्री' आणि खाली 'मल्लिनाथ'. पुस्तक दुसऱ्याचं आहे हे नाव ठोकून झाल्यावर आठवलं. पण सोनेरी अक्षर पुसता येत नाही, आणि खरं सांगायचं तर फार छान उठलं होतं.

रविवारी संध्याकाळी दोघं आली. मी पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवून शेजारी सहज उभं राहावं तसा उभा होतो.

मल्लिनाथनं ते उचललं. उघडलं. पान उलटलं, अजून एक उलटलं. मग हळूच खाली बसला. मी म्हटलं, आकड्यांची गडबड होती ती मी सरळ केली. अकरा पहिली पानं होती की त्यात.

"अप्पा, त्यात अकरा प्रकरणं आहेत," तो म्हणाला. "प्रत्येक प्रकरण एकपासून सुरू होतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग परत लावू, त्यात काय, आकडे आहेतच.

त्यानं पान माझ्यापुढं धरलं. "कुठायत?"

आकडे पानाच्या अगदी खालच्या कडेला होते. म्हणजे पूर्वी होते. आता ते कात्रणाच्या पोत्यात होते. आणि पोतं दुपारीच कासार घेऊन गेला होता, बांगड्यांच्या पेटीत घालायला. शांतव्वा अजून दारातच, हातात लग्नातल्या बुंदीचा पुडा. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "एन माडिदरी?" म्हणजे काय करून ठेवलंत. ती कानडी दोनच वेळा बोलते, देवापुढं आणि माझी चूक असली की. देवापुढं बोलताना आवाज बारीक असतो.

त्यानंतर कुणी मला काहीच बोललं नाही. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. पोरगा नुसता म्हणाला, की गोदामात मी जाईन, त्याचं काही नाही, पण त्या म्हाताऱ्यांना तोंड कसं दाखवू. त्यांनी पावतीसुद्धा मागितली नव्हती.

मी उठलो, कात्री घेतली आणि स्वतःची शिवण स्वतः कापली. तीस वर्षांत पहिल्यांदा. (मजबूत होती. कात्री दोनदा अडकली. त्या परिस्थितीतही मला बरं वाटलं. शेवटच्या हिसक्याला गठ्ठा हातातनं सुटला आणि होता तोही क्रम गेला.)

सोमवारी दुकान बंद ठेवलं. मल्लिनाथनं गिरणीत आजारी असल्याचं कळवलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघता ते काही खोटं नव्हतं. घरभर पानं पसरली. कॉटवर, देवघरापुढं, कणगीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. मल्लिनाथ एका पानाचं शेवटचं वाक्य वाचायचा आणि ते दुसऱ्या कुठल्या पानाच्या सुरवातीला जुळतंय ते शोधत हिंडायचा. तो सांगेल तिथं शांतव्वा पान नेऊन ठेवायची. मला सांगितलं होतं की तुम्ही वारा येणार नाही एवढं बघा. मी खिडकीला पाठ लावून बसलो. संध्याकाळपर्यंत दहा प्रकरणं लागली.

अकरावं लागेना. आणि नेमकं तेच पाहिजे होतं, पत्ते गिळायच्या पेटीचं. त्यात अक्षरच नव्हतं. सगळी चित्रं, बाण, स्क्रू, पट्ट्या. सव्वीस पानं, आणि मला विचाराल तर सगळी सारखीच. मल्लिनाथ ती कॉटवर मांडायचा, गोळा करायचा, परत मांडायचा. मग त्यानं डोळे चोळले आणि पानं खाली ठेवली.

मी एक पान उचलून दिव्यापुढं धरलं. माझंच ठिगळ त्यातनं दिसत होतं. दुसरं धरलं. त्यातलं ठिगळ जरा आत. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कसर! पुस्तकातला किडा पान चुकवत नाही. तो आत शिरतो आणि तिरका पोखरत जातो. पहिल्या पानात भोक कडेला, दुसऱ्यात जवाएवढं आत, तिसऱ्यात अजून आत. किड्याला इंग्रजी येत नसलं तरी क्रम चुकायची त्याला सोय नाही.

"सरक," मी पोराला म्हटलं. एकेक पान दिव्यापुढं धरलं आणि अर्ध्या तासात सव्वीसच्या सव्वीस लावली. मल्लिनाथनं ती चाळली. शांतव्वा त्याच्या तोंडाकडं बघत होती, मी भिंतीकडं. तो म्हणाला, "जुळतंय अप्पा. एकेक भाग वाढत जातोय."

त्या रात्री मी तीन भाकरी जास्त खाल्ल्या. कुणी वाढल्या नाहीत, मीच घेतल्या.

मंगळवारी तो ते प्रकरण घेऊन गिरणीत गेला. मीही गेलो. मला आत सोडलं नाही, म्हणून फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी तो फाटकातनं बाहेर आला, हात कोपरापर्यंत काळे, आणि म्हणाला की ट्रेमध्ये एकही भाग उरला नाही आणि पहिला पत्ता आत गेला. बाहेर यादी आली. मोठ्या साहेबानं यादी उलटसुलट करून बघितली आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. मी म्हटलं, होणारच. आणि गाड्यावरच्या सगळ्यांना किड्याची हकीकत सांगितली. (दोनदा. चहावाल्यानं तिसऱ्यांदा ऐकायला नकार दिला.)

शुक्रवारी आठ दिवस भरले. टेंभुर्णीला मी बरोबर गेलो. शांतव्वानं सांगितलं होतं, की ज्यानं केलं त्यानं तोंड दाखवावं. पानं परत कड्यात घालता येईनात, कारण शिवण कापताना भोकंही फाटली होती. म्हणून खालीवर दोन फळ्या देऊन लाल कापडात पोथीसारखी बांधली. एसटीत मी ती मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईनं बसताना आणि उतरताना तिला नमस्कार केला.

इनामदार म्हणजे काटकुळे, जाड भिंगांचा चष्मा, बनियनवर बसलेले. त्यांनी गाठ सोडली आणि एकेक पान बघायला लागले. मल्लिनाथनं सगळं खरं सांगून टाकलं. अकरा पहिली पानं, कटिंग मशीन, कासार, काही लपवलं नाही. मी मधे एवढंच घातलं की कड मात्र सरळ आली होती. पाऊण तास नुसता पानांचा आवाज. अकराव्या प्रकरणाशी थांबले, दोनदा चाळलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे प्रकरण कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. ताठ बसून.

"इंग्रजी येतं?"

"लागलं नाही."

मग त्यांना किड्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किडा पुढनं आत शिरला, का मागनं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. किडा असो की माणूस, पुस्तकात पुढनंच शिरणार, असं मी धरून चाललो होतो.

"मागनं शिरला होता," इनामदार म्हणाले. "तुम्ही अख्खं प्रकरण उलटं लावलंय. हे पेटी खोलायचं प्रकरण आहे. जोडायचं कंपनीनं कधी छापलंच नाही."

मल्लिनाथ माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. पेटी तर खोललेलीच होती. त्याला पाहिजे होतं ते जोडायचं, आणि खोलायचं उलटं लावलं की जोडायचं होतं! सरळ लावलं असतं तर पोरगा पहिल्याच चित्रापाशी अडून बसला असता. मी ताबडतोब म्हणालो, की म्हणूनच मी ते तसं लावलं. इनामदारांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसता पुसता त्यांचं पोट हलत होतं.

मग त्यांनी उठून कॉटखालची ट्रंक ओढली. आत अशीच सात पुस्तकं, सगळी सुटी, आणि कसर सगळ्यांना लागलेली. वर कडुलिंबाचा वाळका पाला. मी म्हटलं, ह्या पाल्याला किडे भीत नाहीत, ते त्याची सावली धरून बसतात. आणि पत्र्याची ट्रंक भिंतीला चिकटवून ठेवलीत तर पावसाळ्यात आत घाम सुटतो. एवढ्या गोष्टी मला कळतात. त्यांनी हातानं पाला बाजूला सारला. म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत, भावाची पोरं हॉटेलात पुड्या बांधायला कागद शोधत असतात. माझ्यामागं हे चार दिवस टिकणार नाही.

"तुम्ही न्या," ते मला म्हणाले. "पण सुई नाही, पातं नाही, खळ नाही."

"मग मी करायचं काय?"

"सांभाळायचं."

मल्लिनाथ मधे पडला. अप्पांना देताय, नीट विचार करा, म्हणाला. इनामदार म्हणाले, विचार केला, ह्या पुस्तकांच्या मागं कुणीतरी हट्टी माणूसच पाहिजे.

ट्रंक एसटीच्या टपावर चढवून आम्ही संध्याकाळी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, मी पहिलं पुस्तक सतरंजीवर घेतलं. सुई, पातं, खळ ह्यांना मनाई होती. पेन्सिलीचं नाव इनामदारांनी घेतलं नव्हतं. परत असा घोटाळा नको म्हणून एकेका पानाच्या खालच्या कोपऱ्यात मराठी आकडे घालायला बसलो, एकपासून थेट शेवटपर्यंत, प्रकरणबिकरण काही नाही. बाइंडर माणूस पान बघत नाही, कोपरा बघतो. त्रेसष्टाव्या पानाला शांतव्वा चहा घेऊन आली, कप खाली ठेवून वाकली, आणि म्हणाली, "अवो, ह्या चित्रातली बाई डोक्यावर हुबी हाय की."

मी बाईकडं बघितलं, मग माझ्या आकड्यांकडं बघितलं. आकडे सरळ होते.

"विलायतेत तशाच उभ्या राहत असतील," मी म्हटलं, आणि चौसष्ट घातला.